पापणी लवते तेव्हा मेंदू काय करतो?

हा लेख उघडल्यापासून तुमची पापणी किती वेळा लवली? सांगता येणार नाही. प्रश्न वाचेपर्यंत तुम्हाला तिची आठवणही नव्हती. आता मात्र पुढची काही मिनिटे तुमचे लक्ष राहून राहून तिच्याकडे जाईल, आणि ती नेहमीपेक्षा जास्तच लवते आहे की काय, असेही वाटेल. काळजी करू नका, थोड्या वेळाने तुम्ही तिला पुन्हा विसराल.

तोवर एक सोपा हिशेब करू. निवांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्यांची उघडझाप करतो. दर वेळी डोळा सेकंदाच्या एक दशांशापासून चार दशांशापर्यंत झाकला जातो. आपण मिनिटाला १५ वेळा आणि दर वेळी ०.३ सेकंद धरू. म्हणजे प्रत्येक मिनिटात साडेचार सेकंद डोळे बंद. दिवसाचे १६ तास आपण जागे असतो असे मानले, तर पापणी १४,४०० वेळा लवते आणि त्यात ७२ मिनिटे जातात. यात झोप धरलेलीच नाही. जागेपणी, चालता-बोलता, रोज सव्वा तासाच्या आसपास आपण काहीच पाहत नसतो!

इथे दोन प्रश्न उभे राहतात. एवढा अंधार होतो, तर तो आपल्याला दिसत का नाही? आणि इतक्या वेळा पापणी मिटण्याची गरजच काय?

अंधार होतो, पण दिसत नाही

खोलीतला दिवा पाव सेकंदासाठी गेला तरी आपण लगेच वर पाहतो. पण पापणी तेवढाच वेळ मिटली तर काहीच जाणवत नाही. हे का होते, याचा शोध घेण्यासाठी फ्रान्सिस व्होल्कमन, लॉरिन रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी प्रकाश डोळ्यांसमोरून पाठवलाच नाही. तोंडात, टाळूजवळ एक प्रकाशवाहक तंतू ठेवला आणि तिथून आतल्या आत प्रकाश थेट दृष्टिपटलापर्यंत पोहोचवला. या वाटेत पापणी आडवी येतच नाही. ती मिटो वा उघडी राहो, दृष्टिपटलावर प्रकाश सारखाच पडणार.

तरीही पापणी लवण्याच्या क्षणी त्या प्रकाशातले बदल लोकांना नीट ओळखता येईनात. याचा अर्थ असा की पापणीला मिटण्याचा हुकूम देताना मेंदू दृष्टीचा आवाजही खाली करतो. पुढे २००५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी हीच तोंडातल्या प्रकाशाची युक्ती वापरून मेंदूचे स्कॅन काढले. पापणी लवताना मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागांतली हालचाल खरोखरच मंदावलेली दिसली. आपल्याला अंधार जाणवत नाही, कारण अंधाराची दखल घेणारेच त्या क्षणी थोडे बाजूला झालेले असतात.

डोळा धुऊन निघतो, पण तेवढ्यासाठीच नाही

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पापणी डोळा ओला ठेवते. ते खरेच आहे. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर असतो. त्यात पाणी असते, ते बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला धरून ठेवणारा चिकट द्रव असतो आणि वरून तेलाचा पातळ लेप असतो. तेल पापणीच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींमधून येते आणि पाणी लवकर उडू देत नाही. प्रत्येक उघडझापीत हा थर नव्याने पसरतो, धूळ कडेला सारली जाते. त्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून, या ओल्या थरामार्गे मिळतो. म्हणून ही देखभाल फार मोलाची आहे.

पण हिशेब जुळत नाही. निरोगी डोळ्यावरचा हा थर साधारण दहा सेकंद तरी टिकतो. आपण मात्र दर तीन-चार सेकंदांनी पापणी मिटतो. तान्ह्या बाळाकडे पाहा. ते मिनिटाला जेमतेम दोन-तीन वेळा पापणी लववते. बाळ टकामका पाहते असे आपण म्हणतो ते उगाच नाही. आणि तरीही त्याचे डोळे कोरडे पडत नाहीत.

ही शंका फार जुनी आहे. १९२७ मध्ये एडिंबरोच्या एरिक पॉन्डर आणि डब्ल्यू. पी. केनेडी यांनी पापण्यांच्या उघडझापीवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. हवा कोरडी असो वा दमट, पापणी लवण्याचा वेग फारसा बदलत नाही, असे त्यांना आढळले. वेग बदलत होता तो माणसाच्या मनावरच्या ताणाबरोबर. म्हणजे पापणीची दोरी जितकी डोळ्याच्या हाती आहे, तितकीच मनाच्याही हाती आहे.

पुढे १९९३ मध्ये जपानच्या काझुओ त्सुबोता आणि कात्सु नाकामोरी यांनी आकडेच मोजले. निवांत असताना लोकांची पापणी मिनिटाला सरासरी २२ वेळा लवत होती. पुस्तक वाचताना १०, आणि संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचताना अवघी ७. डोळे तेच, पण लक्ष गुंतले की पापणी थांबते.

सगळ्यांची पापणी एकाच वेळी

आता यातला सगळ्यात सुरस भाग. मिस्टर बीनची धमाल तुम्ही पाहिलीच असेल. २००९ मध्ये जपानच्या तामामी नाकानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना मिस्टर बीनचे व्हिडिओ दाखवले आणि प्रत्येकाची पापणी नेमकी कधी लवते याची नोंद ठेवली. प्रेक्षक एकमेकांना पाहत नव्हते. तरीही अनेकांच्या पापण्या एकाच क्षणी मिटत होत्या.

ते क्षण कोणते होते? बीनचे एखादे काम पूर्ण झाले की. तो पडद्यावरून थोडा वेळ बाजूला गेला की. तीच ती गोष्ट पुन्हा दिसू लागली की. थोडक्यात, जिथे पाहण्यासारखे फारसे काही चुकणार नाही, तिथे. नुसते निसर्गदृश्य दाखवले किंवा गोष्ट फक्त ऐकवली, तेव्हा मात्र असा मेळ बसला नाही. डोळ्यांनी कथेचा माग काढायचा असेल तेव्हाच पापण्या एका तालात येतात.

कोपऱ्यावरच्या वाण्याचे उदाहरण घ्या. तो चहा प्यायला गिऱ्हाइकांची गर्दी असताना जात नाही. दुकान रिकामे झाले की चटकन आत जातो आणि पुढचे गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत परत गल्ल्यावर येऊन बसतो. मेंदू नेमके हेच करतो. फरक एवढाच की वाण्याला आपण चहाला गेलो होतो हे माहीत असते.

गप्पा मारतानाही असेच घडते. याच संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की बोलणाऱ्याचे वाक्य संपते, तो थांबतो आणि त्याची पापणी लवते, तेव्हा पाव ते अर्ध्या सेकंदाच्या आत ऐकणाऱ्याचीही लवते. बोलण्यातला पूर्णविराम ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत उमटतो.

शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी हे एका चित्रपट संकलकाच्या लक्षात आले होते. वॉल्टर मर्च हे हॉलिवूडमधले नावाजलेले संकलक. १९७४ च्या ‘द कॉन्व्हर्सेशन’ या चित्रपटावर काम करताना त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागली. दृश्य कुठे कापायचे हे ते ठरवत, आणि अभिनेता जीन हॅकमन याची पापणी नेमकी तिथेच, त्याच्या आसपास लवलेली असे. पात्राच्या मनातला एक विचार तिथे पुरा होत होता. पुढे मर्च यांनी संकलनावर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच पापणी लवण्याचा उल्लेख आहे. चांगला कट हा पापणी लवण्यासारखा असतो, असे त्यांचे म्हणणे.

त्या क्षणात काय घडते?

वाणी चहाला जातो, पण मेंदू कुठे जातो? नाकानो यांच्याच गटाने २०१२ च्या अखेरीस याचे उत्तर शोधले. व्हिडिओ पाहणाऱ्यांचे मेंदू स्कॅन करताना दिसले की पापणी लवली की बाहेरच्या गोष्टींवर लक्ष रोखून धरणारी यंत्रणा क्षणभर सैल होते. त्याच वेळी मेंदूतले दुसरे जाळे जागे होते. आपण काही विशेष करत नसताना, आठवणींत वा स्वतःच्या विचारांत रमलेलो असताना जे काम करते, तेच हे जाळे. गंमत म्हणजे पापणीऐवजी पडदाच तेवढ्या वेळासाठी काळा केला, तेव्हा असे काही झाले नाही. म्हणजे नुसत्या अंधाराने हे घडत नाही. पापणी लवणे हा मेंदूने स्वतःहून घेतलेला श्वास असावा, असे यातून दिसते.

मन भरकटते तेव्हा काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये लोकांना वाचायला बसवले आणि अधूनमधून विचारले, ‘आत्ता लक्ष वाचनात होते की दुसरीकडे?’ लक्ष दुसरीकडे गेलेले असताना पापण्या जास्त वेळा लवलेल्या आढळल्या. मन आत वळते, तेव्हा डोळेही बाहेरची खिडकी लोटून घेतात.

जिथे चूक परवडणारी नाही, तिथे हे गणित फार काटेकोर असते. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटल्यावर जवळपास अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी येतो. त्यात ०.३ सेकंद पापणी मिटली तर निम्म्याहून अधिक प्रवास अंधारात गेला. ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्याच वेळात साडेसहा मीटरहून जास्त पुढे जाते. जपानमध्ये शर्यतीच्या गाड्यांच्या चालकांचा अभ्यास झाला, तेव्हा प्रत्येक फेरीत त्यांची पापणी ट्रॅकवर साधारण ठरावीक जागी लवताना दिसली. वेग किंवा दिशा बदलताना नाही, सरळ रस्ता समोर असताना.

पापणी न लवणारे देव

आपल्या पूर्वजांनी पापणीकडे फार बारकाईने पाहिले होते. ‘निमिष’ म्हणजे पापणी मिटण्याइतका वेळ. आजही आपण ‘पापणी लवते न लवते तोच’ म्हणतो, आणि टक लावून पाहणाऱ्याला ‘अनिमिष नेत्रांनी’ पाहतो असे म्हणतो. पुराणकथेत तर निमी राजाचा वास माणसांच्या पापण्यांवर असतो.

महाभारतातली नल-दमयंतीची गोष्ट आठवा. स्वयंवराच्या मंडपात चार देव नलाचे रूप घेऊन त्याच्या शेजारी बसले. हुबेहूब पाच नल! दमयंतीने देवांनाच शरण जाऊन विनवणी केली, तेव्हा तिला खुणा दिसल्या. देवांना घाम येत नव्हता, त्यांची सावली पडत नव्हती, गळ्यातल्या माळा कोमेजल्या नव्हत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते आणि त्यांच्या पापण्या लवत नव्हत्या. ज्याची पापणी लवत होती, त्याच्या गळ्यात तिने माळ घातली.

न थांबता पाहत राहणे देवांना जमते. माणसाला मध्ये मध्ये थांबावेच लागते. हातातल्या मोबाइलला मात्र हे माहीत नसते.

न संपणारा पडदा

नाटकाला मध्यंतर असते, पुस्तकात परिच्छेद संपतो, आजीची गोष्टही ‘मग काय झाले?’ विचारायला जागा ठेवते. एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या रील्समध्ये आणि वेगवान गेममध्ये अशी जागा शोधावी लागते. दुकानात सतत गिऱ्हाईक आहे, मग वाणी चहाला जाणार कधी?

परिणाम संध्याकाळी दिसतो. डोळे चुरचुरतात, लाल होतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, आणि उलट पाणीही येते. पडद्याकडे पाहताना पापणी कमी वेळा लवते, आणि लवते तेव्हा बऱ्याचदा अर्धीच मिटते. मग डोळ्याचा खालचा भाग कोरडाच राहतो. त्यात वरून पंखा किंवा एसीचा झोत थेट तोंडावर असेल, तर थर आणखी लवकर वाळतो.

यावर उपाय साधेच आहेत.

- दर २० मिनिटांनी २० सेकंद तरी साधारण २० फूट लांबच्या वस्तूकडे पाहा. खिडकीबाहेरचे झाड चालेल, समोरच्या इमारतीची गच्चीही चालेल.
- त्या वेळी आठ-दहा वेळा पापण्या सावकाश, पूर्ण मिटून उघडा.
- पडदा डोळ्यांच्या किंचित खाली ठेवा. डोळा कमी उघडा राहतो आणि कमी वाळतो.
- मुलांना मोबाइल द्यावाच लागला, तर आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद करून द्या. एक संपल्यावर थांबण्याची जागा तयार होते.
- चुरचुर काही दिवसांत थांबली नाही, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. काही थेंबांत स्टेरॉइड असते, आणि देखरेखीशिवाय ते दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

मूल सारखे डोळे मिचकावत असेल तर

‘असे डोळे मिचकावू नकोस, वाईट सवय लागेल.’ हे वाक्य कितीतरी घरांत ऐकू येते. पण मूल हे मुद्दाम करत असतेच असे नाही. ॲलर्जीमुळे डोळ्यांना खाज येत असेल, डोळे कोरडे पडत असतील, चष्म्याचा नंबर असेल, किंवा स्नायूंची आपोआप होणारी हालचाल, ज्याला टिक म्हणतात, ती असेल. टिक लहानपणी बऱ्याच मुलांमध्ये दिसते आणि अनेकदा आपोआप जाते. ओरडल्याने, चारचौघांत टोकल्याने मात्र ताण वाढतो, आणि ताणाबरोबर उघडझापही वाढू शकते. आधी डोळे तपासून घ्या, मग काय ते ठरवा.

तसेच, बोलताना पापण्या जास्त लवल्या म्हणजे समोरचा खोटे बोलतोय, हा समजही सोडून द्या. घाबरलेला, दमलेला, कोरड्या डोळ्यांचा, सगळ्यांचीच पापणी जास्त लवते. उलट खोटे रचताना डोके इतके गुंतते की त्या वेळी पापणी कमी लवते आणि नंतर वाढते, असेही एका अभ्यासात आढळले आहे. पापणी बघून मुलाला चोर ठरवू नका.

मुलांच्या पापण्या आपल्याला वेगळेच काही सांगतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना एक व्हिडिओ दाखवला. त्यात माणसांमधले भावनिक प्रसंग होते आणि वस्तूंची हालचालही होती. बहुतेक मुलांच्या पापण्या भावनिक प्रसंगांत थांबल्या. ऑटिझम असलेल्या मुलांच्या पापण्या वस्तू हलताना जास्त थांबल्या. यावरून घरच्या घरी कुठलेही निदान करता येत नाही, आणि करूही नये. पण कोणत्या मुलाला काय मोलाचे वाटते, हे बोलता येण्याआधीच त्याचे डोळे सांगत असतात, एवढे नक्की.

आज रात्री करून पाहा

घरातल्या एखाद्या माणसाची पापणी गुपचूप मोजा. त्याला सांगू नका, नाहीतर हिशेब बिघडेल. एक मिनिट गप्पा मारताना, एक मिनिट टीव्ही पाहताना, एक मिनिट मोबाइलवर असताना. तिन्ही आकडे लिहून ठेवा आणि मग त्यालाच दाखवा. डोळ्यांच्या काळजीवर दहा वेळा सांगून जे पटत नाही, ते या तीन आकड्यांनी पटेल.

आणि झोपताना मुलाला किंवा नातवंडाला गोष्ट सांगणार असाल, तर त्याच्या चेहऱ्याकडे पाहत सांगा. राक्षस दार ठोठावतो तेव्हा ते डोळे मोठे करून पाहत राहील. तुम्ही वाक्य संपवून थांबाल, आणि क्षणभराने त्याची पापणी अलगद लवेल. ते मनापासून ऐकते आहे. पुढे सांगायला हरकत नाही.